तेल गढूळ, फेसाळ आणि वर कमी पण? मशीनला शिव्या घालायच्या आधी दाणा चावून बघा

जुलै-ऑगस्ट आला की त्याच तक्रारी सुरू होतात. तेल गढूळ आलं, कढईत टाकलं की फेस येतो, गेल्या वेळेपेक्षा लिटरभर कमी भरलं, पेंड चिकट झाली, महिना होत नाही तोवर खवट वास यायला लागला. घरी छोटं तेल काढायचं मशीन घेतलेले म्हणतात कंपनीने फसवलं, आणि घाण्यावरून काढून नेणारे म्हणतात घाणेवाल्याने तेल मारलं. मी लातूरकडे एका तालुक्याच्या गावात लाकडी घाणा चालवतो, त्यामुळे दुसरं वाक्य जरा जास्तच ऐकावं लागतं. घाण्यावर चोरी होतच नाही असं म्हणत नाही, सगळ्या धंद्यात सगळ्या प्रकारची माणसं असतात. पण दहातल्या आठ वेळा भानगड दाण्यातल्या ओलाव्याची निघते, आणि ती घरच्या घरी पाच मिनिटांत तपासता येते, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

मुख्यतः शेंगदाण्याबद्दल लिहितोय कारण आपल्याकडे घरचं तेल म्हणजे ७०-८० टक्के लोकांच्या डोक्यात तेच असतं. करडई, जवस, तीळ यांचं वेगळं जिथे आहे तिथे सांगतो.

आधी हे समजून घ्या की गव्हाचा ओलावा आणि दाण्याचा ओलावा एकाच मापाने मोजता येत नाही. गहू १२ टक्के ओलाव्याला आरामात राहतो. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं, आणि तेलात पाणी मुरत नाही, म्हणजे जे काही पाणी आहे ते उरलेल्या निम्म्या भागात, प्रोटीन आणि चोथ्यात जाऊन बसतं. दाण्यात ८ टक्के पाणी म्हटलं की ऐकायला कमी वाटतं पण त्या निम्म्या भागाचा हिशोब केला तर ते १५ टक्क्यांच्या आसपास जातं, आणि एवढ्यावर बुरशी खुशाल वाढते. म्हणून सोललेले दाणे साठवताना ७ टक्क्यांच्या खाली असावेत असं सांगतात. आता पावसाळ्यात हवेतला दमटपणा ८०-९० टक्क्यांवर असतो, दाणे बारदानात, बारदान ओसरीत नाहीतर माळ्यावर, तर दाणा हवेतलं पाणी ओढणारच, त्याला कोणी पावसात भिजवायची गरज नसते.

हे पटवून देणं अवघड जातं. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या गावचे एक तात्या पोतं घेऊन आले, घरच्या रानातला माल, दाणा टपोरा, बघायला एकदम चांगला. मी मूठभर घेतले, एक दाताखाली धरला तर कट असा आवाजच नाही, दबला नुसता. म्हटलं तात्या, दाणे ओले आहेत, दोन ऊन द्या मग आणा. "ओले कसले, उन्हाळ्यापासून माळ्यावर आहेत, पाण्याचा थेंब लागू दिला नाही." म्हटलं थेंब नाही लागला पण हवा लागली ना. तरी म्हणाले काढ तू, मी बसतो इथेच. काढलं. लाट, म्हणजे घाण्यातलं लाकडी मुसळ, फिरतेय फिरतेय आणि ऊखळात मळलेल्या कणकेसारखा गोळा झाला, कडेला धरायचा सोडून लाटेबरोबरच गोल फिरायला लागला, तेल सुटेचना. शेवटी जे आलं ते पांढुरकं, जाड, वर फेस. तात्या काही बोलले नाहीत पण पुढचं पोतं वाळवून आणलं, आणि त्याच रानातल्या त्याच दाण्याचं तेल स्वच्छ आलं.

तिथे झालं काय ते सांगतो. तेल निघायला दाब लागतो आणि दाब तयार व्हायला आतला माल एकमेकांवर आणि भिंतीवर घासला गेला पाहिजे. ओला दाणा मऊ पडतो, घसरतो, दाब धरतच नाही. वरून ते पाणी, दाण्यातलं प्रोटीन आणि लेसिथिनसारखे चिकट पदार्थ मिळून तेलाचे बारीक बारीक थेंब पकडून ठेवतात. तेच ते पांढुरकं गढूळपण, आणि कढईतला फेसही बराचसा त्याचाच. म्हणजे तेल कमी, तेल गढूळ, तेल फेसाळ, पेंड चिकट, या चार तक्रारी दिसायला वेगळ्या पण मूळ एकच.

तपासायचं कसं. सगळ्यात सोपं म्हणजे दाणा दाताखाली धरून तोडा. वाळलेला दाणा कट आवाज करून दोन तुकडे होतो, ओला दबतो आणि दाताला चिकटतो. मग आठ-दहा दाणे तळव्यावर चोळा, लाल फोल सहज सुटून फुंकरीने उडालं पाहिजे, चिकटून राहिलं तर ओलावा आहे. ज्यांना आकडा हवा त्यांनी किचनच्या वजनकाट्यावर बरोबर एक किलो दाणे मोजा, दिवसभर कडक उन्हात पातळ पसरा, ऊन उतरायच्या आधी परत मोजा. ९८० ग्रॅम भरले तर २० ग्रॅम पाणी गेलं, म्हणजे २ टक्के. दुसऱ्या दिवशी परत तेच करा, वजन फारसं हललं नाही तर दाणा तयार. याला कुठलंही मीटर लागत नाही.

वाळवण्यात पण लोक दोन घोटाळे करतात. एक म्हणजे संध्याकाळी उचलायचं विसरतात, रात्रभर दाणे गच्चीवर, आणि दिवसभर उन्हाने काढलेलं पाणी रात्रीच्या दमट हवेत परत आत. चार-साडेचारला ऊन तापलेलं असतानाच दाणे गोळा करा. दुसरं म्हणजे गरम गरम दाणे लगेच प्लास्टिकच्या पोत्यात भरून तोंड बांधून ठेवतात, आतून घाम धरतो आणि खालचा थर कुबट होतो. साठवायचे असतील तर सावलीत निवू द्या मग भरा. मात्र त्याच दिवशी घाण्यावर न्यायचे असतील तर कोमट असतानाच आणा, उलट चांगलं, कोमट दाण्याचं तेल पातळ असतं आणि पटकन सुटतं. आणि भर पावसाळ्यात ऊनच नसेल तर? थांबा. खरंच थांबा, ऑगस्टमध्ये तेल काढलंच पाहिजे असा नियम नाही. मे महिन्यात दाणा कडक असताना पावसाळ्यापुरतं काढून ठेवावं आणि पुढचं दसऱ्यानंतर. अगदीच अडलं असेल तर कढईत मंद आचेवर नुसते गरम करून घ्या, भाजायचे नाहीत, हाताला चटका बसेल इतपतच.

आता उलटी बाजू, कारण हे वाचून काही जण दाणे चार-पाच दिवस उन्हात तापवून खडखडीत करून आणतील आणि मग म्हणतील तरी तेल कमीच. फार कोरडा दाणा पण चालत नाही. त्याचं नुसतं पीठ होतं, पेंड धरत नाही, बारीक भुगा तेलात उतरतो आणि तेल काळपट गढूळ दिसतं. हे गढूळपण वेगळं बरं का, ओल्या दाण्याचं पांढुरकं आणि जाड असतं, हे खाली बसणाऱ्या चुऱ्याचं असतं, काचेच्या ग्लासात रात्रभर ठेवलं की फरक कळतो. म्हणूनच घाणेवाला मध्येच पाण्याचा हबका मारतो. ते बघून लोकांना वाटतं हा पाणी घालून वजन वाढवतोय, समोर उभं राहून भांडलेली माणसं आहेत. अहो, पाणी घालून तेल वाढत नसतं. दाणा बारीक झाल्यावर त्या कोरड्या चोथ्याला थोडं पाणी मिळालं की प्रोटीन ते पाणी धरतं आणि तेलाला जागा सोडायला लावतं, तेल एकत्र येऊन वाहायला लागतं. दहा किलो दाण्याला वाटीभर पाणी पुरतं, ते पण एकदम ओतायचं नाही, हाताने शिंपडत, पेंडीचा रंग बघत. तिळाला थोडं जास्त लागतं आणि काही जण गुळाचा खडा पण टाकतात, त्याने पेंड धरते. मग दाण्यातलंच पाणी का चालत नाही? कारण ते दाणा फुटायच्या आधीपासून आत मुरलेलं असतं, दाणा कुटलाच जात नाही नीट. आधी कोरडं करून, कुटून, मग मोजून दिलेलं पाणी ही वेगळी गोष्ट.

पेंड बघून सगळं कळतं. घाण्यातून काढलेली पेंड मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर ढेकूळ टिकलं, कडा तुटल्यावर खरखरीत आणि बोटाला तेलाचा हलका ओशटपणा लागला तर बरोबर. बोटांमधून लगदा बाहेर आला तर ओला होता. मूठ उघडताच भुसभुशीत सांडली तर कोरडा.

आता "किती निघायला पाहिजे होतं" या भांडणाचं गणित. शेंगदाण्यात तेल ४५ ते ५० टक्के. दहा किलो दाण्यात समजा ४६ टक्के, म्हणजे ४.६ किलो. पण सगळं कधीच निघत नाही, लाकडी घाण्याच्या पेंडीत १२ टक्क्यांच्या आसपास तेल राहतंच. तो हिशोब लावला तर हातात ३.८ किलोच्या आसपास येतं, साका, म्हणजे तळाचा गाळ, बसून गेल्यावर अजून थोडं कमी. इथेच दुसरा गोंधळ होतो, किलो आणि लिटर. तेल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे तेच ३.८ किलो तेल लिटरमध्ये ४.२ भरतं. एक जण किलोत सांगतो, शेजारीण लिटरमध्ये सांगते, आणि आपल्याला वाटतं आपलं अर्धा लिटर गेलं कुठे. त्यामुळे तुलना करायची तर एकाच मापात करा, आणि आपल्याच समोर दाणे, तेल आणि पेंड तिन्हीचं वजन करून घ्या. तेल अधिक पेंड मिळून दाण्याच्या वजनाच्या जवळ आलं पाहिजे, पेंडीत जर वजन दिसत असेल तर तेल पेंडीत आहे, कोणाच्या घरी नाही.

पेंडीत तेल राहणं हा घाण्याचा जुनाच स्वभाव. १९३४ मध्ये वर्ध्याला मगनवाडीत गांधीजींचा ग्रामोद्योग संघ सुरू झाला तेव्हा तिथे बैलघाणीवर बरीच खटपट झाली, त्यातून वर्धा घाणी म्हणून सुधारलेली घाणी आली, एका वेळी जास्त माल घ्यायची. तरी लोखंडी एक्स्पेलर, म्हणजे मोठं स्क्रूचं मशीन, पेंडीतलं तेल ६-८ टक्क्यांवर आणतो आणि हेक्झेन या रसायनात तेल विरघळवून काढणारे मोठे कारखाने १ टक्क्याच्या खाली, तिथे लाकडी घाणा पोचणार नाही. त्या जास्तीच्या तेलामुळेच घाण्याची पेंड म्हशी आवडीने खातात, आणि त्यामुळेच पावसाळ्यात ती पेंड लवकर खवटते, महिनोन् महिने साठवू नका.

करडईचं गणित वेगळं आहे, आणि आमच्या भागात सगळ्यात जास्त निराशा तिथेच होते. शेंगदाण्याचा आकडा डोक्यात धरून करडई आणतात. करडईच्या बीवर जाड पांढरं टरफल असतं, तेल धरून चाला ३० टक्के. दहा किलोला दोन-सव्वादोन किलो, म्हणजे सव्वादोन ते अडीच लिटर. यात कोणी काही मारलेलं नसतं. करडई काट्यांमुळे पहाटे, दव असताना काढतात, काटे तेव्हा जरा नरम असतात, आणि तोच माल खळ्यावर नीट वाळायच्या आत पोत्यात गेला तर दव त्याच्याबरोबर घरी येतं. फेब्रुवारी-मार्चचं ऊन असतं म्हणून फारसं बिघडत नाही, पण ताजी करडई लगेच घाण्याला आणू नका, आठवडाभर ऊन खाऊ द्या.

घरच्या मशीनचं आता. ही छोटी स्क्रूवाली मशीनं, आत एक आटा, म्हणजे स्क्रू, फिरतो, बाहेर हीटर. सगळ्यात कॉमन तक्रार म्हणजे दाणे वरच गरगर फिरतात, आत जातच नाहीत, किंवा सुरुवातीला पाच मिनिटं तेल येतं आणि मग मशीन घरघर करून जाम. पहिलं कारण परत तेच, ओले दाणे. दुसरं, मशीन थंड असतानाच दाणे टाकले. बॅरल, म्हणजे आटा फिरतो ते नळकांडं, नीट तापलं पाहिजे, मॅन्युअलमध्ये जेवढा वेळ लिहिलाय तेवढा द्या, घाई करू नका. तिसरं कारण कोणी सांगत नाही: सोललेल्या शेंगदाण्यात चोथा फार कमी असतो, आट्याला पकडायला काही मिळतच नाही, नुसतं लोणी होऊन मागे सरकतं. यावर उपाय म्हणजे दाण्यात आधीच्या वेळची कोरडी, फोडलेली पेंड थोडी मिसळा, मूठ-दोन मूठ किलोला, किंवा थोडी फोलपटं राहू द्या. मोठ्या मिलमध्ये पण एक्स्पेलरला थोडं टरफल ठेवतात ते उगाच नाही. करडईला हा प्रॉब्लेम येत नाही, टरफल भरपूर, पण तेच टरफल आटा घासून काढतं, त्यामुळे दोन वर्षांनी तेल कमी येतंय असं वाटलं तर आट्याच्या कडा बघा, गुळगुळीत गोल झाल्या असतील.

आणि माती. काळ्या रानातल्या शेंगांबरोबर बारीक ढेकळं येतात, दाण्याच्याच रंगाची आणि आकाराची, सुपात पाखडून सुद्धा निसटतात. चाळणी, मग सूप, मग हाताने एकदा नजर. मळणीच्या मशीनचा खिळा-नट एखादा आला तर घरचं मशीन संपलंच समजा, लोहचुंबक फिरवायला काही जात नाही.

मशीन काम झाल्यावर गरम असतानाच उघडा आणि साफ करा. थंड झालं की आतली पेंड दगड होते, मग लोक स्क्रूड्रायव्हर घालून ठोकतात आणि आटा वाकवतात. तशी झालीच असेल तर आटा सुटा काढून रात्रभर गरम पाण्यात ठेवा, पण नंतर पूर्ण कोरडं करून मगच जोडा, नाहीतर पुढच्या तेलाला पाणी तिथूनच लागणार. एक अजून, घरच्या मशीनच्या तेलाला कोल्ड प्रेस म्हणायचं असेल तर जरा जपून. हीटर आहे, आटा घासतो, तेल हाताला गरम लागतं, मग कोल्ड कसलं. लाकडी घाणा मिनिटाला पंधरा-वीस फेरे फिरतो म्हणून कमी तापतो एवढंच. तेल वाईट नाही होत त्याने, पण लेबलला भुलून दुप्पट पैसे देऊ नका.

गढूळ तेलाचं काय करायचं, दाणा चांगला असून? तर काहीच नाही करायचं, वाट बघायची. ताजं तेल गढूळच असतं. लोक काय करतात, आल्या आल्या कपड्यातून गाळतात, कपडा दोन मिनिटांत बुजतो, मग पिळतात, आणि पिळल्यावर सगळा साका परत खाली. उंच, अरुंद स्टीलच्या डब्यात तेल ओता, तोंडाला पातळ सुती कपडा बांधा, झाकण नको, आणि दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, संध्याकाळी आत. कोमट तेल पातळ होतं, साका लवकर बसतो, उरलंसुरलं पाणी खाली बसतं नाहीतर उडून जातं. काचेच्या बरणीत ठेवून हे करू नका, उजेडाने तेल खराब होतं, स्टीलमध्ये उजेड आत जात नाही म्हणून चालतं. मग डबा न हलवता वरचं तेल नळीने काढा, किंवा तळापासून दोन-तीन बोटं वर तोटी असलेलं पिंप असेल तर उत्तम. आता गाळा, आणि पातळ ओढणीतून नाही, दुपदरी मांजरपाटातून, एका रात्रीत थेंब थेंब गळू द्या. खालचा साका टाकू नका, थालीपिठाच्या पिठात मस्त लागतो, दोन दिवसांत संपवा मात्र, तो टिकत नाही.

फेसाची गोष्ट अर्धी वर आलीच. कढईत तेल तापताना तडतड आवाज, मोठे बुडबुडे, आणि थोड्या वेळाने शांत, हे पाणी. मंद आचेवर पाच-सात मिनिटं ठेवलं की जातं, एकदम मोठ्या आचेवर ठेवलं तर अंगावर उडेल. आवाज नाही पण बारीक, पांढरा, हटता न हटणारा फेस आणि खाली तपकिरी कण, हे लेसिथिन, न रिफाइंड केलेल्या तेलात थोडं राहणारच. साका नीट बसवलेल्या तेलात ते खूप कमी येतं. फार त्रास असेल तर जुनी पद्धत आहे, तेल हाताला सोसेल त्याहून जरा जास्त गरम करून लिटरला दोन-तीन चमचे गरम पाणी घालून हलक्या हाताने ढवळायचं, चिकट भाग पाणी पिऊन जड होतो आणि तळाला बसतो, रात्रभर ठेवून वरचं काढायचं आणि मग मंद आचेवर पाणी पूर्ण उडवायचं. मी स्वतः याच्या भानगडीत पडत नाही, पुऱ्यांना फेस आला म्हणून पुरी बिघडत नाही. फक्त घाण्याच्या तेलाला धूर लवकर सुटतो, साधारण १६० अंशाला, रिफाइंड शेंगदाणा तेल २३० पर्यंत जातं, म्हणून आच तेवढी मोठी करू नका. आणि दोन-तीन दिवस तेच तेल तळायला वापरताय आणि फेस वाढत चाललाय, काळं पडतंय, तर दोष घाण्याचा नाही, ते तेल संपलं.

खवटपणा. याची दोन मुळं, आणि लोक फक्त दुसरं बघतात. पहिलं दाण्यात: पोचट, फुटके, काळे पडलेले, बुरशी आलेले दाणे. दाणा फुटला की आतलं तेल हवेला उघडं पडतं आणि सडायला तिथेच सुरुवात होते, असं तेल पहिल्या दिवशीच घशाला लागतं. "तेलच तर काढायचंय, खराब दाणे त्यात घालू" हा हिशोब करू नका, फार वेळा ऐकतो मी हा. हिरवट-पिवळी बुरशी आलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन असू शकतं, यकृताला घातक, नेहमीच्या तळण्या-भाजण्याने जात नाही. बहुतेक ते पेंडीत राहतं, म्हणजे म्हशीच्या पोटात आणि तिथून दुधात, पण न रिफाइंड केलेल्या तेलात पण थोडं उतरतं. असा दाणा वेचून फेकायचा, जनावराला पण नाही.

दुसरं मूळ डब्यात. जुन्या तेलाच्या डब्यात नुसतं पालथं घालून निथळवून नवं तेल भरतात. तळाला चिकटलेलं ते खवट तेल नव्याला लवकर नासवतं. डबा साबणाने धुवा, उन्हात कडकडीत वाळवा. तांबं-पितळ नको, गंजका पत्रा नको, गॅसच्या शेजारची जागा नको. मोठ्या डब्यातलं रोज उघडू नका, आठवड्यापुरतं छोट्या बरणीत काढा. आणि एवढं करून सुद्धा वर्षाचं एकदम काढू नका, दाणा शेंगेत जास्त सुरक्षित असतो, तेल हवं तसं काढा.

कोणतं तेल किती टिकतं यात पण फरक आहे. तिळाचं सगळ्यात टिकाऊ, त्यात सेसमॉलसारखे पदार्थ असतात ते त्याला सांभाळतात. करडई पटकन खवटते, म्हणून थोडं थोडं. जवसाचं तर विचारूच नका, त्यातलं निम्म्याहून जास्त ओमेगा-३, म्हणून पौष्टिक आणि म्हणूनच नाजूक, गडद बाटलीत, फ्रीजमध्ये, काही आठवड्यांत संपवायचं, आणि तापवायचं नाही. खरं सांगू का, खाण्यासाठी जवसाची चटणीच बरी. जवसाचं जुनं झालेलं तेल मात्र वाया नाही जात, हवेत सुकून त्याचा पातळ थर बनतो, लाकडी दांडे, औजारं, बॅट यांना चोळायला एक नंबर. फक्त ते चोळलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका, सुकताना आतून तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं, खरंच घेतं, पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

थंडीत एक तक्रार येते ती निव्वळ गैरसमजाची. डिसेंबर-जानेवारीत शेंगदाणा तेल गढूळ, दाटसर दिसतं आणि लोक म्हणतात पाम मिसळलंय. कडाक्याच्या थंडीत शेंगदाणा तेल स्वतःच गढुळतं, खोबरेल तर २४ अंशाच्या खाली गोठतंच. बाटली कोमट पाण्यात ठेवा, स्वच्छ झालं तर ते थंडीचं. यावरून भेसळ आहे की नाही ठरवता येत नाही, त्यासाठी लॅबच लागते. मोहरी आणणाऱ्यांसाठी भेसळीचं एकच सांगतो, मोहरीत पिवळ्या धोत्र्याचं बी मिसळलेलं डोळ्याला पटकन कळत नाही, आणि १९९८ ला दिल्लीत त्याच तेलाने माणसं मेली होती. मोहरी खात्रीच्या ठिकाणची घ्या, सुट्या बाजारातली स्वस्त मिळाली म्हणून आणू नका.

शेवटी न खायच्या बियांबद्दल. घरचं मशीन आहे म्हणून एरंडी, निंबोळी, करंज पण त्यातूनच काढू का असं विचारतात. तेलं कामाची आहेत यात वादच नाही. एरंडेल तूरडाळीला, गव्हाला चोळायला लागतंच, निंबोळी आणि करंजाचं तेल पाण्यात साबण घालून फवारायला. पण खायच्या तेलाच्या मशीनमध्ये नाही. एरंडीच्या पेंडीत रायसिन असतं, ते विष आहे, आणि आट्याच्या खाचेत अडकलेली पेंड धुऊन शंभर टक्के निघाली असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. निंबोळीचा कडूपणा तर पुढच्या दहा घाण्यांना लागेल. त्यासाठी जुनं, टाकाऊ मशीन वेगळं ठेवा, त्यावर लाल रंगाने मोठं लिहून ठेवा, आणि एरंडीची पेंड गोठ्याच्या आसपास पण येऊ देऊ नका, सरळ खड्डा करून खतात घाला.